बलुतेदाराचे घर कोणी पाहिले?

गावातल्या कारागिराविषयी मराठीत भावुकपणे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या जगण्याचा व्यवहार गंभीरपणे तपासणारे लेखन शोधू लागले, की दोन पुस्तकांपाशी थांबावेच लागते : त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' (१९१५) आणि दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८). दोहोंमध्ये त्रेसष्ट वर्षांचे अंतर आहे. पण दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, श्रमाच्या मोबदल्यात खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा.

आत्रे महसूल खात्यातले. त्यांची दृष्टी हिशेबनिसाची आहे आणि तीच त्यांची ताकद आहे. बलुतेदारांच्या थोरल्या, मधल्या, धाकट्या ओळी, कारू-नारूंचा भेद, कुणब्याच्या राशीतून निघणारे नाना हक्क यांची मोजदाद त्यांनी चिकाटीने केली. काम घटले तरी वतनी हक्क घटत नाही आणि त्याचा भार कुणबी वाहतो, हा त्यांचा आक्षेप निराधार नाही. परंतु खळ्यावर उभे राहून पाहणाऱ्याला सुतार ठळकपणे दिसतो तो वाटा मागायला आलेला. पेरणीच्या तोंडावर मोडलेली पाभर घाईने दुरुस्त करून देणारा सुतार, त्याची बायको, त्याची पोरे या हिशेबात कोठे मांडायची?

'बलुतं'मध्ये दृष्टी उलटते. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, अकोले तालुक्यातल्या धामणगावचा हा लेखक. येथे वाटा घेणाराच बोलू लागतो. वहीत ज्याला हक्क म्हटले होते, तो प्रत्यक्षात लाचारीचा तुकडा होता, हे कळते. आईचे कष्ट, मुंबईतला कावाखाना, उपासमार, लाज, सारे घर उघडे होते. पण महाराच्या पदरी गावकी आली, कसबाचा धंदा नव्हे. म्हणून येथे घर आहे, परंतु कारागिरी नाही. 'गावगाड्या'त कारागिरी आहे, परंतु घर नाही.

ही रिकामी जागा क्षुल्लक नव्हे. लोहार ऐरणीवर घाव घाली तेव्हा भाता बहुधा घरधनीणच ओढी. कुंभाराच्या घरी माती मळण्यापासून सारे घर राबे. चांभाराने शिवलेल्या मोटेवर बागायत पिके. तो धंदा म्हणजे एकट्याची विद्या नव्हती, कुटुंबाचा प्रपंच होता. इंजिन आले आणि मोट गेली. लोखंडी नांगर आला आणि लाकडी नांगर अडगळीत पडला. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या सुमारास सुरू झाला. पुढे या जिल्ह्याच्या बागायती भागात रोख पैशाचा व्यवहार वाढत गेला, तसा खळ्यावरचा वाटा आटत गेला.

या बदलाचा न्याय करताना आपण दोनच सूर लावतो : जातीची बेडी तुटली म्हणून समाधान, किंवा जुना गाव हरवला म्हणून उसासा. खरे तर बेडी आणि कसब एकाच हातात होते. बेडी तुटली हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर पिढ्यांचे कसबही गेले, आणि ते घर त्या दिवसांत कसे तगले याची नोंद ही दोन्ही थोर पुस्तके देत नाहीत. ती त्यांची चूक नव्हे, त्यांची मर्यादा आहे. ती ओलांडणारे लेखन त्या घराच्या ओसरीवर बसूनच लिहावे लागेल. खळ्यावरून ते घर दिसत नाही.