चकाकीचा पाठ : कृती आणि प्रकाश

संगणकीय आरेखनाच्या अध्यापनात चकाकीचा परिणाम साधणे हा विषय वरकरणी गौण वाटतो. तथापि तो शिकविण्याची जी पद्धत रूढ झाली, तिची चिकित्सा आवश्यक आहे. कारण त्या पद्धतीने विद्यार्थ्याचा हात तयार झाला, डोळा मात्र झाला नाही.

जानेवारी २००० मध्ये ॲपलने 'ॲक्वा' ही दृश्यशैली सादर केली. पाण्याच्या थेंबासारखी, ओलसर भासणारी तिची बटणे पुढील काही वर्षे सर्वत्र अनुकरणाचा विषय झाली आणि त्या अनुकरणासाठी क्रमवार पाठ लिहिले गेले. त्यांचा साचा ठरलेला आहे. गोलाकार कोपऱ्यांचा आयत काढावा, त्यात गडद ते फिकट रंगछटा भरावी, कडेला आतून सावली द्यावी, वरच्या अर्ध्या भागावर पांढरा लंबगोल ठेवून तो खाली विरळ करावा. फोटोशॉपमधील लेयर स्टाईलच्या साहाय्याने हे सारे थोड्या वेळात साधते. पाठाची भाषा आज्ञार्थी असते. 'का' हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. (पाककृतीच्या पुस्तकातही निदान 'खमंग वास सुटेपर्यंत' असे लिहिलेले असते.)

वस्तुतः या प्रत्येक पायरीमागे प्रकाशाविषयीचे एक विधान आहे. वरचा पांढरा पट्टा म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागात पडलेले प्रकाशस्रोताचे प्रतिबिंब होय. पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितकी त्याची कड स्पष्ट. बुई तुआँग फाँग यांच्या १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणिती प्रतिमानात हे एका घातांकाने नियंत्रित होते; घातांक वाढला की झळाळीचा ठिपका लहान व तीव्र होतो. बटणाच्या तळाशी दिसणारी उजळ छटा तर या पट्ट्याहूनही अर्थपूर्ण आहे. वरून आलेला प्रकाश पारदर्शक थेंबातून वळून खालच्या बाजूस एकवटतो, म्हणून ती तेथे असते. ती गाळली की थेंबाचे प्लॅस्टिक होते. घाईने लिहिलेल्या पाठांत नेमकी हीच छटा गळालेली आढळते.

आमच्या प्रात्यक्षिक वर्गातील एका विद्यार्थ्याने पाठातील कृती बिनचूक अनुसरून पितळी तांब्या रंगविला. त्यावरील झळाळी शुभ्र असल्याने तांब्या पिवळ्या प्लॅस्टिकचा दिसत होता. पितळ परावर्तित प्रकाशाला आपला रंग देते. वांग्याची साल देत नाही. दोन्ही वस्तू टेबलावर शेजारी ठेवून खिडकी उघडली, तेव्हा वांग्यावर खिडकीचा पांढरा चौकोन उमटला आणि तांब्यावर तोच चौकोन पिवळा. विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. आदल्या सत्रात त्याच कृतीने केलेल्या बटणाला मीच पूर्ण गुण दिले होते.

अनुकरण हा शिक्षणाचा प्रारंभ होय, हा आक्षेप मान्य करावा लागेल. परंतु २०१३ मध्ये आयओएस ७ ने चकाकी टाकून सपाट रूप स्वीकारले, तेव्हा या पाठांचे शिक्षण एकाएकी निरुपयोगी ठरले. जून २०२५ मध्ये ॲपलने 'लिक्विड ग्लास' सादर केली आणि चकाकी परतली. पण आता ती मागील दृश्यानुसार व उपकरणाच्या हालचालीनुसार बदलते. स्थिर पांढऱ्या लंबगोलाला तेथे जागा नाही. यंदा प्रात्यक्षिकाच्या गुणांपैकी निम्मे गुण मी, प्रकाश कोठून येतो आणि वस्तू कशाची आहे, या दोन प्रश्नांच्या तोंडी उत्तरांना ठेवले आहेत. पहिल्या तुकडीतील बहुतेकांनी उत्तरादाखल लेयरचे नाव सांगितले.