खंडनाला गुण कुठे आहेत?

मराठीतल्या बहुतेक आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांची घडी एकच आहे, आणि बेळगावच्या वडगाव-शहापूरपासून निपाणीपर्यंतची मराठी मुले तिच्यातच तयार होतात. संघात दोघे, एक विषयाच्या बाजूने, दुसरा विरोधात; विषय आधीच जाहीर; दोघांच्या गुणांच्या बेरजेवर फिरता करंडक. गुणपत्रिकेत विषयमांडणी, भाषा, उच्चार, हावभाव असे रकाने. एकाच संघातले दोघे परस्परविरोधी बोलणार म्हटल्यावर संघाला भूमिका उरत नाही, आणि समोरच्याचा मुद्दा खोडला काय, न खोडला काय, बेरजेत फारसा फरक पडत नाही. समजा, विषय आहे 'यंत्रमागाने विणकराचे भले केले'. विणकरांच्या वडगावात तो कुणालाच परका नाही. बाजूने बोलणारी म्हणते, तेवढ्याच वेळात कापड जास्त निघते, म्हणून घरात पैसा जास्त येतो. या युक्तिवादातला 'म्हणून' कच्चा आहे: सूत कुणाचे, मजुरी ठरवतो कोण? पुढच्या वक्त्याने नेमके तिथे बोट ठेवायला हवे. तो मात्र हातमागाचे पाठ केलेले गुणगान ओघवत्या भाषेत म्हणून दाखवतो आणि बक्षीस घेऊन जातो. वादविवादाचे वक्तृत्व झाले आहे, आणि दोष मुलांचा नाही, नियमांचा आहे.

आपल्याकडचे जुने नियम याहून कडक होते. न्यायसूत्रांत पराभवाची 22 निग्रहस्थाने सांगितली आहेत. सभेला समजलेले, तीनदा सांगितलेले प्रतिपक्षाचे म्हणणे परत मांडता आले नाही, तर ते 'अननुभाषण'. समोरचा चुकला असूनही ती चूक दाखवली नाही, तर तोही पराभवच. म्हणजे ऐकणे हीच पहिली कसोटी. आजच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दोघांचा संघ एकाच बाजूने बोलतो, विषय 15 मिनिटे आधी कळतो, सात मिनिटांच्या भाषणात प्रतिपक्ष मध्येच प्रश्न विचारू शकतो, आणि परीक्षक निकालाची कारणे संघांना सांगतात. तिथला भरधाव बोलण्याचा सोस आपण उचलू नये. कारणे सांगण्याची शिस्त मात्र जरूर उचलावी.

सीमाभागात मराठी मुलाला व्यासपीठ मिळते हेच पुष्कळ, भाषेचे गुण कमी करू नका, असा आक्षेप येईल. त्यामागची कळकळ खरी आहे. पण इथला सीमाप्रश्नच पाहा. त्यासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवावे असे सुचवले. महाराष्ट्राने ते नाकारले, आणि 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. इथल्या विद्यार्थ्याला आयोगाची कारणे आधी प्रामाणिकपणे मांडता यावीत, मग एकेक खोडता यावीत. निव्वळ आवेशाने ते साधत नाही. खंडनाचे गुण व्यक्तिनिष्ठ ठरतील, हा दुसरा आक्षेप तर उलटाच पडतो. कुठला मुद्दा आला आणि त्याला उत्तर मिळाले की नाही, हे कागदावर दोन रकाने आखून टिपता येते. व्यक्तिनिष्ठता शिरते ती 'शुद्ध उच्चारा'त; बेळगावी हेल असलेल्या मुलीचे गुण कापले जाण्याची वाट तिथूनच उघडते. म्हणून संघातल्या दोघांना एकाच बाजूला बसवावे, बाजू चिठ्ठी टाकून ठरवावी, किमान एकतृतीयांश गुण खंडनाला ठेवावेत आणि बक्षीस समारंभाआधी परीक्षकांनी निकालाची कारणे सभागृहासमोर सांगावीत.