सुरतेतील दोन थडगी आणि एक पान

जुने नगर पाहण्याची एक रीत हल्ली सर्वमान्य झाली आहे. हाती नकाशा नको, संगती वाटाड्या नको. पाय नेतील तिकडे जावे आणि दृष्टीस पडेल ते पाहावे. स्पेनमधील तोलेदोसारख्या नगरांविषयी लिहिणारे प्रवासी या रीतीची मोठी वाखाणणी करतात. या स्वैर भटकंतीत रस आहे, हे कोणीही मान्य करील. परंतु एवढ्याने पाहणे पूर्ण होते काय? या प्रश्नाची परीक्षा आपल्या लोकांच्या वस्तीजवळ, सुरतेतच घेता येते.

सुरतेच्या लिंबायत भागात मराठी वस्ती दाट आहे. खानदेशातून तापीखोऱ्याच्या रेल्वेने आलेली ही कुटुंबे येथील यंत्रमागांवर आणि कापडाच्या व्यवसायात स्थिरावली. तेथे पाहुणा म्हणून आलेला मराठी माणूस सवड काढून रूळांपलीकडच्या जुन्या शहरात फिरावयास गेला, तर त्याच्या मनात बहुधा दोनच सनावळ्या असतात: 1664 आणि 1670. शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांचे ते नगर, एवढीच त्याची सुरत. तापीकाठचा सोळाव्या शतकातील किल्ला पाहून तो कतारगाम दरवाजाकडे वळतो, आणि तेथील इंग्रज व वलंदाज कबरस्तानांतील प्रचंड घुमट पाहून थक्क होतो.

इंग्रजांचे मोठे थडगे ऑक्झेंडन बंधूंचे. थोरला पराक्रम धाकट्या-थोरल्याचा नव्हे, तर जॉर्ज ऑक्झेंडनचा. 1664 मध्ये इंग्रजांची वखार राखणारा तो हाच. तो 1669 मध्ये वारला. त्याचा भाऊ क्रिस्टोफर त्याआधीच, 1659 मध्ये, गेला होता. वलंदाजांचे थडगे हेंड्रिक व्हान रीड याचे. त्याचा मृत्यू 1691 मधला. दोन्ही ठिकाणी देह ख्रिस्ती, पण वास्तूचा पेहराव मोगली. तोलेदोतील यहुद्यांनी आपले प्रार्थनामंदिर मूरांच्या शैलीत बांधले, त्याच जातीची ही गोष्ट होय. परक्या राज्यात प्रतिष्ठा मिरवावयाची, तर ती तेथील भाषेतच मिरवावी लागते.

कला म्हणून तुलना करावयाची, तर आम्ही वलंदाज वास्तूस उजवे माप देऊ. ऑक्झेंडनांच्या थडग्याचे स्थूल खांब आणि एकावर एक चढविलेले घुमट वैभव सांगतात, पण डोळ्यास विसावा देत नाहीत. व्हान रीडच्या इमारतीस वर-खाली सज्जे असल्यामुळे तिचा भार हलका वाटतो. मात्र स्मारक म्हणून ती उणी पडते. येथे कोणी मोठा अधिकारी निजला आहे, एवढे ती सांगते. त्याने काय केले, हे तिच्या आकारावरून कळत नाही.

हा व्हान रीड कोचीनला वलंदाजांचा मलबारचा अधिकारी होता. तेथील वनस्पतींवर त्याने सिद्ध करविलेला ‘होर्तुस मलबारिकुस’ हा लॅटिन ग्रंथ 1678 ते 1693 या काळात आम्स्टरडॅम येथे बारा खंडांत निघाला. ग्रंथाचे ज्ञान येथल्या माणसांचे होते. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने माहिती दिली. तसेच रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट या कोचीनवासी कोंकणी ब्राह्मणांनीही दिली. या तिघांचे 1675 चे प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत, कोंकणी भाषेत छापलेले आहे. गोवा सोडून देवघरासह दक्षिणेस गेलेल्या समाजाची भाषा अशा रीतीने युरोपच्या विद्वानांपुढे गेली. व्हान रीडने साहाय्यकांची नावे झाकली नाहीत, हे त्याच्या पदरी घातलेच पाहिजे.

आता स्वैर भटकंतीचा दोष ध्यानात येतो. ती आकार दाखविते, संबंध दाखवीत नाही. जे मोठे बांधले गेले तेच तिच्या दृष्टीस पडते. रंग भटांसाठी कोणी घुमट उभारला नाही, म्हणून तिच्या लेखी ते नाहीतच. मराठी प्रवासवर्णनांनीही पुष्कळदा हीच दृष्टी पत्करली आहे: वास्तूचा भव्यपणा, क्षणभर विषाद, आणि पुढचे गाव. भटकणे सोडावे, असे आमचे म्हणणे नाही. कतारगाम दरवाजापर्यंत पाय तेच नेते. परंतु आपल्यापैकी जो कोणी लिंबायतीतील आप्तांकडे जाईल, त्याने निघण्यापूर्वी त्या प्रमाणपत्राचे पान एकदा नजरेखालून घालावे. मग व्हान रीडच्या सज्जाखाली उभे राहिल्यावर त्याला आपल्याच भाषेतील तीन नावे आठवतील, आणि ते थडगे त्याला परक्याचे वाटणार नाही.