गणवेश, भूमिका आणि वाणी

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली युद्धग्रस्त चीनमध्ये गेले आणि १९४२ मधील मृत्यूपर्यंत तेथील जखमी सैनिकांवर उपचार करीत राहिले. १९४६ च्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या चित्रपटात त्यांची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. युद्धसेवा एकाची, अभिनय दुसऱ्याचा. समीक्षकास दोहोंचा विचार वेगळा करता येतो. नाना पाटेकर यांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत आल्याने हा विवेक सुटण्याचा संभव असतो.

येथे घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे. स्वतः दिग्दर्शिलेल्या ‘प्रहार’ (१९९१) मध्ये पाटेकरांनी कमांडोंना शिक्षण देणारा मेजर चव्हाण रंगविला. प्रादेशिक सेनेचे अधिकारी म्हणून कारगिलच्या युद्धकाळात ते सेवेस गेले ते १९९९ मध्ये. म्हणजे भूमिका आधी, सेवा नंतर.

‘अब तक छप्पन’ (२००४) मधील पोलीस अधिकारी साधू आगाशे खालच्या, कोरड्या स्वरात बोलतो. ‘क्रांतिवीर’ (१९९४) मधील आवेश येथे नाही. यावरून युद्धानुभवाने नटाची वाणी संयत केली, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ‘परिंदा’ (१९८९) मधील अण्णाचा दबलेला, भयप्रद स्वर युद्धापूर्वीचाच आहे. आणि युद्धानंतरच्या ‘नटसम्राट’ (२०१६) मध्ये प्रदीर्घ स्वगते आहेत. तेव्हा वाणीतील हा भेद भूमिकेने घडविलेला आहे, रणभूमीने नव्हे.

मग त्या सेवेचा कलाकृतीशी काहीच संबंध नाही काय? आहे; मात्र तो प्रेक्षकाच्या बाजूने आहे. मेजर चव्हाणाचा हुकूम आज ऐकताना, बोलणारा पुढे खरोखरच सैन्यात गेला हे प्रेक्षकास ठाऊक असते. वाक्य तेच राहिले, वक्त्याची पत वाढली. आणि एक शब्दही न बदलता वाक्याचा परिणाम पालटला.

समीक्षकाने सावध राहावयाचे ते येथेच. मेजर चव्हाण अखेरीस शहरातील गुंडांना कायद्याबाहेर जाऊन ठार करतो. नटाच्या पुढील सेवेमुळे त्या कृत्यासही नकळत प्रामाण्य मिळते. आघाडीवर जाण्याची सिद्धता आदरणीय होय. तथापि तिने चित्रपटातील युक्तिवाद सिद्ध होत नाही. त्याची परीक्षा चित्रपटातच झाली पाहिजे.