गांधी विवाह : हिशेबापलीकडे

साताऱ्याच्या प्रतिसरकारवरील लेखनात ‘गांधी विवाह’ येतो तो काटकसरीचा दाखला म्हणून. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या सहकाऱ्यांनी हुंडा, मानपान, वाजंत्री यांना फाटा देऊन अशी लग्ने लावली. आजचा सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता. लग्नापायी सावकाराच्या दारात उभे राहणाऱ्या शेतकऱ्याला ही मोठीच सुटका होती. पण ‘किती वाचले’ एवढ्यावर या विवाहांचे मोल ठरत नाही.

त्यांची मुळे सत्यशोधक परंपरेत आहेत. जोतीराव फुल्यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी लागला. भटजीची गरज संपली, खर्च घटला. पण खरी क्रांती फुल्यांच्या मंगलाष्टकांत आहे. तिथे वधू स्वतः बोलते, स्त्रियांचे हक्क मागते आणि वर तशी शपथ घेतो. गांधी विवाहांच्या गौरवलेखनात मात्र पुढारी आहेत, हार आहेत, वाचलेला पैसा आहे; नवरी मुकीच राहते.

आज वाईजवळच्या मेणवली घाटावर लग्नाआधीचे फोटो काढले जातात, महाबळेश्वर-पाचगणीच्या रिसॉर्टांत लग्ने लागतात. नवरी फोटोच्या मधोमध असते, पण तिच्या वाट्याला एक वाक्यही येत नाही. साधेपणा असो वा थाट, दोन्ही एकाच प्रश्नावर तपासावेत : या लग्नात ती काय बोलली? प्रतिसरकारच्या काळातल्या ज्या नवऱ्या अजून हयात आहेत, त्यांनी नव्वदी गाठली आहे. या विषयाचा पुढचा अभ्यास त्यांच्या ओसरीवर बसूनच व्हायला हवा, आणि तोही लवकर.