विंचवाचे भारुड आणि विंचूदंशाची लक्षणे

संत एकनाथांच्या भारुडांत विंचवाचे रूपक जितके लोकप्रिय आहे, तितकेच त्याचे विवेचन एकमार्गी झाले आहे. काम आणि क्रोध हा विंचू, तमोगुणाचा त्याग आणि सत्त्वगुणाचा स्वीकार हा त्यावरील उतारा, एवढे सांगितले की रूपकाची उकल झाली, असे मानण्याचा प्रघात आहे. या रूपकातील उपमेय पारमार्थिक आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु उपमानाकडे, म्हणजे प्रत्यक्ष विंचूदंशाकडे, सहसा लक्ष दिले जात नाही.

शाहीर साबळे यांच्या गायनाने हे भारुड महाराष्ट्रात घरोघर पोहोचले. प्रयोगात मात्र नट बहुधा एकाच गोष्टीचा अभिनय करतो, ती म्हणजे वेदना. तो किंचाळतो, उड्या मारतो आणि प्रेक्षक हसतात. नाथांची संहिता याहून अधिक सांगते. तीत दंशानंतर अंगाला सुटणारा घाम आहे आणि पंचप्राणांची व्याकुळता आहे. प्रयोगपरंपरेने वेदना उचलली आणि घामाकडे दुर्लक्ष केले.

या दुर्लक्षाचे मोल वैद्यकाच्या इतिहासावरून कळते. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असता डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण बारकाईने पाहिले. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी प्राणघातक दंशाची पूर्वचिन्हे नोंदविली. उलटी, दरदरून घाम, थंड पडलेले हातपाय आणि पुरुष रुग्णांत शिश्नाचा ताठरपणा ही ती चिन्हे होत. अशा रुग्णाला दंशस्थानी होणारी वेदना पुष्कळदा सोसण्याजोगीच असते. उलट, असह्य कळा येत असूनही इतर लक्षणे नसली, तर जिवाला सहसा धोका नसतो. म्हणजे रंगमंचावर जो सर्वांत मोठ्याने ओरडतो तो बहुधा वाचणारा असतो, आणि जो घामाघूम होऊन गप्प पडतो त्याची चिंता करावयाची असते.

यावरून नाथांना विषचिकित्सेचे ज्ञान होते, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. भारुडातील घाम हा प्रथमतः तमोगुणाचा घाम आहे. तथापि रूपक उभे करण्यासाठी कवीने लोकव्यवहारातील अचूक तपशील निवडला, एवढे म्हणावयास हरकत नाही.

‘उतारा’ या शब्दाचाही विचार येथे केला पाहिजे. विंचवाच्या विषाने शरीरात कॅटेकोलामाइन द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी होते. पूर्वी दिले जाणारे अ‍ॅट्रोपिन हृदयाची गती वाढवून अपायच करी. रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी गोळी येथे उपयोगी पडते, हे बावस्कर यांनी १९८६ साली मांडले. गंभीर रुग्णांतील सुमारे ३० टक्के मृत्यूंचे प्रमाण पुढे सुमारे १ टक्क्यावर आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ७० रुग्णांच्या चाचणीत प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरे होतात, असे दिसून आले. हा उताराही निर्धोक नाही. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून रुग्णाला निजवून ठेवावे लागते.

नाथांचा उतारा अंतःकरणासाठी आहे. त्याला देहावरील उपचार समजणे हा अर्थाचा अपलाप होय. दंश झाल्यावर मंत्र आणि अंगारा यांत जे तास जातात, तेच विषाला हवे असतात.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील शाहूवाडी, गगनबावडा आणि राधानगरी हे तालुके कोकणाला लागून आहेत, आणि भारुडाची गोडी या भागाला नवी नाही. तेथील एखाद्या नटाने वेदनेबरोबर घाम आणि थंड पडणारे हातही अभिनयात आणले, तर तो संहितेशी अधिक प्रामाणिक राहील. हसणाऱ्या प्रेक्षकांपैकी एखाद्याला पुढे कधी ते चिन्ह ओळखता आले, तर रूपकाच्या पारमार्थिक अर्थाला त्याने उणेपणा येणार नाही.