अद्भुतकथेतील धागा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मारेडपल्लीच्या घरी, नववीत शिकणाऱ्या नातवाने आपली एक कथा मला वाचावयास दिली. कथा मराठीत होती. रेल्वेच्या नोकरीनिमित्त तीन पिढ्यांपूर्वी सिकंदराबादेस येऊन स्थायिक झालेल्या घराला याचेच अप्रूप. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे मी काणाडोळा केला. कथेतील नायकाच्या बोटांतून अदृश्य धागे निघतात. त्यांनी तो शत्रूला जखडतो, भिंती कापतो, जखमा शिवतो, दूरच्या माणसाचे मन आपल्याकडे ओढून घेतो. शेवटी तो जिंकतो आणि वाचकाला त्याचे काहीच वाटत नाही. असे का व्हावे, याचा विचार करताना जे सुचले ते येथे मांडतो.

अशा लेखनावर आपल्या मंडळींचा ठरलेला आक्षेप असा की, हे सारे परदेशी चित्रकथांचे अनुकरण आहे. हा आक्षेप मला पटत नाही, कारण त्या चित्रकथा याहून पुष्कळ सावध आहेत. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी 1962 मध्ये निर्माण केलेल्या स्पायडरमॅनचे जाळे मूळ कथेत मनगटावरील यंत्रातून निघते आणि त्यातील द्रव संपू शकतो. ‘वन पीस’ या 1997 पासून चाललेल्या जपानी चित्रमालिकेत डोफ्लामिंगो आपल्या दोऱ्यांनी जिवंत माणसांना कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे नाचवतो; पण तो खलपुरुष आहे. दुसऱ्याच्या इच्छेला दोरी लावणे हा अपराध आहे, ही जाण त्या लेखकाला आहे. तेव्हा दोष परकेपणाचा नव्हे. शक्तीला मर्यादा आणि ती वापरण्याला मोल असावे लागते, याचा विसर पडणे हा खरा दोष होय.

सुताला दैवी सामर्थ्य देणे आपल्याकडेही नवे नाही. भाद्रपद शुद्ध चतुर्दशीची अनंताची कहाणी आठवावी. कौंडिण्याची पत्नी शीला 14 गाठींचा दोरा हातात बांधते आणि घरी समृद्धी येते. एके दिवशी कौंडिण्याची दृष्टी त्या दोऱ्यावर जाते. आपल्याला वश करण्यासाठीच हिने तो बांधला असावा, अशा संशयाने तो दोरा तोडून अग्नीत टाकतो. शीला धावत जाऊन तो बाहेर काढते व दुधात ठेवते. पण वैभव जायचे ते जातेच. मग कौंडिण्य रानोमाळ हिंडत आंब्याच्या झाडाला, गाईला, बैलाला, तळ्यांना, गाढवाला, हत्तीला विचारीत सुटतो की, तुम्ही अनंत पाहिला का?

या कथेतील दोऱ्यापाशी स्वतःचे बळ काहीच नाही. तो कोणालाही तोडता येतो, तो जळतो. त्याच्या या दुबळेपणावरच सारी कथा उभी आहे. कौंडिण्याची चूक दोऱ्याचा अर्थ लावण्यात झाली आहे. दिलेल्या शब्दाची ती खूण होती. त्याला ती ताबा मिळविण्याची युक्ती वाटली. माझ्या नातवाच्या नायकाची समजूत नेमकी कौंडिण्यासारखीच आहे.

महालक्ष्मीच्या कहाणीतही हेच घडते. तेथे 16 सुतांचा तातू आहे. राजाच्या हातातील तो तातू पाटमाधवराणी तुच्छतेने टाकून देते. दागिन्यांनी मढलेल्या राणीला सुताचे काय महत्त्व? पुढे महालक्ष्मी म्हातारीच्या रूपाने येते, तेव्हा तिचीही हेटाळणीच होते. चिमादेवराणी मात्र आदराने व्रत करते आणि दोघींचे भाग्य पालटते. तातू काही करीत नाही. त्याच्याशी जो जसा वागतो, तसे त्याचे माणूसपण उघडे पडते.

मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने आपल्या आयेकडून, म्हणजे ॲना लिबराटा डिसूझा हिच्याकडून, ऐकलेल्या दख्खनच्या गोष्टी 1868 मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. त्यांतील सोदेवाबाईचा प्राण तिच्या गळ्यातील सोन्याच्या मण्यांच्या माळेत आहे. सवत ती माळ चोरविते. दिवसा सवतीच्या गळ्यात माळ असते तोवर सोदेवाबाई निष्प्राण. रात्री सवत माळ काढून ठेवते तेव्हा ती जिवंत होते. केवढे अद्भुत, आणि तरी त्याचा नियम किती काटेकोर! हा नियम आहे म्हणूनच ती माळ परत मिळेपर्यंत आपला श्वास अडकून राहतो.

आपल्या शहरातच याचे आणखी एक उदाहरण आहे. प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडावर कापडात नाणे गुंडाळून बांधण्याची, इमाम जामिनची, चाल हैदराबादेत सर्वांच्या परिचयाची आहे. यातील ‘जामीन’ शब्द मराठीला परका नाही. कोणीतरी आपल्यासाठी जामीन राहिला आहे, हा त्या गाठीचा अर्थ. सुखरूप पोहोचल्यावर ते नाणे दान करावयाचे असते. म्हणजे गाठीबरोबर देणेही आले.

क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित म्हटले आहे. धाग्याचे औचित्य कशात, ते या कथांवरून दिसते. धाग्याची शक्ती कल्पिणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. गाठ कोणी बांधली? ती तुटली तर काय जाईल? आणि ती ज्याच्या हातात आहे, तो कोणाचे देणे लागतो? यांची उत्तरे नसतील, तर धाग्याऐवजी तलवार दिली काय किंवा बंदूक दिली काय, कथेत फरक पडणार नाही.

आता स्वतःविषयी. वडिलांच्या पश्चात आमच्या घरचे अनंताचे व्रत मी बंद केले. सुताच्या गाठींवर भिस्त ठेवणे तेव्हा मला कमीपणाचे वाटे. व्रत सोडल्याचे आजही मला वाईट वाटत नाही. परंतु व्रताबरोबर मी कहाणीही सोडली, ही मात्र चूक झाली. धाग्याची गोष्ट सांगणारे घरात कोणी उरले नाही, म्हणून मुलाने ती मिळाली तेथून घेतली. त्याला अनुकरणाचा दोष देणारे आपण कोण?

त्या रात्री मी त्याला शीला-कौंडिण्याची कहाणी सांगितली. त्याने लक्ष देऊन ऐकली आणि विचारले, ‘‘आजोबा, दोरा अग्नीतून काढताना शीलेचा हात भाजला नाही का?’’

कहाणीत ते नाही. ते तू लिही, असे मी त्याला सांगितले.